डावी टाच

भिवाजीने दोन्ही बूट ओट्याच्या कडप्प्यावर शेजारी शेजारी ठेवले, गुडघे टेकले आणि एक डोळा मिटून तो त्यांच्या टाचांकडे बघू लागला.

"अरे मेल्या, मासळी कापते मी त्यावर!" मागच्या दारातून त्याची आई शेवंती ओरडली. "उचल ती खेटरं!"

"थांब गं जरा."

त्याने शाळेतली जुनी फूटपट्टी शोधून आणली होती. ती उभी धरून त्याने आधी उजव्या बुटाची टाच मोजली, मग डाव्या. पुन्हा उजव्या, पुन्हा डाव्या. डावी टाच चांगली पाव इंचाने उंच होती.

"हात्तिच्या!" तो म्हणाला. "म्हणजे आहेच काहीतरी."

बूट मात्र देखणे होते, त्यात वाद नाही. काळं कातडं, वर आडवा पट्टा, खाली लाकडाची भक्कम टाच. खांद्यावर वजन घेऊन खाली बसायचं तर टाच जरा वर लागते, म्हणजे माणूस पुढे तोंडावर पडत नाही. असे बूट कळव्यात कुणाकडेच नव्हते. आदल्या संध्याकाळी परशुरामने ते वर्तमानपत्रात गुंडाळून आणले, तालमीच्या पायरीवर भिवाजीच्या हातात दिले आणि म्हणाला, "स्पर्धेला घाल. इथं आत नेऊ नको हां, देव आहे."

ते सांगायची गरज नव्हती. कळव्याच्या त्या तालमीत मारुतीसमोर कातडं न्यायचं नाही, हा आज्या-पणज्यांपासूनचा शिरस्ता. पोरं वजनं उचलायची ती अनवाणी, टाचांखाली आपापली लाकडी फळी घेऊन. कमरेचा पट्टासुद्धा जाड कॅनव्हासचा, ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून घेतलेला. गाडी अडायची ती पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत. तिथे बूट सक्तीचे. मग कुणाचे तरी कॅनव्हासचे बूट मागून आणायचे, त्यात बोळे कोंबायचे आणि लटपटत उभं राहायचं. गेल्या वर्षी भिवाजी असाच लटपटून बाहेर पडला होता.

आणि आता हे शेवटचं वर्ष होतं. जिल्ह्याच्या संघात साठ किलोच्या गटातून एकच जण जाणार. संघातल्या पोरांना बेलापूर रोडवरची एक कंपनी नोकरीसाठी बोलावते, पण पंचविशीच्या आतल्यांनाच. भिवाजीला दिवाळीनंतर पंचवीस पुरी होत होती. एकदा ही संधी गेली की जन्मभर शीळफाट्यावर टेम्पोत बर्फाच्या लाद्या चढवायच्या, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. परशुराम असाच कंपनीत चिकटला होता. पुढे त्याचा गुडघा गेला, तेव्हापासून तो संध्याकाळी तालमीत येऊन पोरांना शिकवायचा. माणूस चांगला होता, सगळे म्हणायचे.

फक्त एक गोष्ट होती. साठ किलोच्या गटात भिवाजीच्या विरुद्ध उभा राहणारा काळुराम हा परशुरामचा सख्खा धाकटा भाऊ होता.

"सख्ख्या भावाला सोडून तुला बूट दिलान?" शेवंतीने टोपली खाली ठेवत विचारलं. "का रं? तू काय त्याचा जावई लागतोस?"

भिवाजीने बूट ओट्यावरून उचलले. हाच प्रश्न त्याला रात्रभर टोचत होता. आता एकेक गोष्ट आठवायला लागली. मागच्या महिन्यात तो तालमीत लवकर गेलेला, तेव्हा परशुराम एकटाच भिवाजीच्या फळीशी वाकून हातोडीने काहीतरी ठोकत होता. विचारलं तर म्हणाला, खिळा वर आलेला. खिळा! एवढ्या वर्षांत कधी खिळा वर आला नव्हता तो? आणि बार खांद्यावर घेऊन स्क्वॅट मारताना हा नेहमी समोर उभा न राहता मागे जाऊन पाठीकडे का बघत बसतो? काळुरामच्या मागे कधी जात नाही तो. सगळं जुळत होतं. एकदा संशय घुसला की सगळं जुळतंच म्हणा.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो बूट घेऊन नाक्यावर विश्रामकडे गेला. विश्राम तिथे चपला शिवायचा. त्याने डावा बूट उलटा केला, टाचेवर अंगठा फिरवला.

"ही झिजून खालीवर झाली नाहीये," तो म्हणाला. "मुद्दाम चढवलीय. लाकडाची वेगळी चकती बसवलीय बघ."

"मुद्दाम ना?" भिवाजीच्या कानशिलावरची शीर तडतडली. "तेच म्हणत होतो मी. काढून टाक ती चकती."

"बघ बाबा. काम सफाईचं आहे. करणाऱ्याला विचारून घे एकदा."

"करणाऱ्याला काय विचारायचं? काढ तू."

विश्रामने खांदे उडवले आणि पटाशी घेतली. चकती निघून खाली पडली तेव्हा भिवाजीला खरंच हायसं वाटलं. चोर घरात शिरायच्या आधी कडी लावली, असं काहीसं. त्याने बूट घालून पाहिले. जरा अवघडल्यासारखं वाटलं, पण नव्या बुटात तसं वाटतंच.

डोंबिवलीच्या एका शाळेच्या सभागृहात स्पर्धा होती. स्टेजवर लाकडी तक्ते टाकून बार मांडलेला, बाजूला तीन पंच, त्यांच्यासमोर लाल-पांढऱ्या दिव्यांची पेटी. पडद्यामागे खडूची भुकटी उडत होती, कुणी गुडघ्याला पट्ट्या आवळून घेत होतं, कुणी भिंतीवर डोकं आपटून अंगात आणत होतं. परशुराम दोघांच्यातही फिरत होता. भिवाजी त्याची नजर चुकवत राहिला. पट्ट्यासुद्धा त्याने स्वतःच बांधल्या.

पहिलं वजन त्याने दीडशे मागितलं होतं. तालमीत एवढं तो आठवड्यापूर्वीच हसत हसत घेऊन उठला होता. बार खांद्यावर घेतला, मागे आला, खाली बसला. आणि उठताना सगळं वजन डाव्या अंगाला ओढायला लागलं. अरे, हे काय! त्याने दात आवळले, पण बार तिरका झाला तो झालाच. दोन्ही बाजूंच्या पोरांनी तो झेलला. तीन लाल दिवे.

दुसऱ्या वेळी तो कसाबसा वर आला, पण तोल सावरताना डावा पाय सरकला. पाय हलला की संपलं. पुन्हा लाल. मागितलेलं वजन आता कमी करता येत नव्हतं. एकच संधी उरली होती, तीही गेली तर पुढच्या दोन्ही प्रकारांत, छातीवरून ढकलायच्या बेंचला आणि जमिनीवरून उचलायच्या डेडलिफ्टला, उतरायचंच नाही, थेट घर.

तो मागे येऊन बाकावर बसला. शेजारी काळुराम बसून तळव्यांना खडू चोळत होता. त्याची दोन्ही वजनं पास झाली होती. भिवाजीची नजर त्याच्या पायांकडे गेली. काळुरामच्या पायात कॅनव्हासचे जुने बूट होते, एकाची नाडी वायरची.

"तुला नाही दिले भाऊने बूट?" भिवाजीने विचारलं. आवाजात टोमणा होता, तो त्याला लपवता आला नाही.

"मला? मला कशाला?" काळुराम म्हणाला. "ते तुझ्या मापाचे आहेत ना. तुझा डावा पाय आखूड आहे म्हणून."

"काय?"

"आयला, बोलून गेलो की काय!" काळुरामने जीभ चावली. "भाऊ म्हणालेला, स्पर्धेपर्यंत सांगू नको, त्याच्या डोक्यात किडा वळवळत बसेल. अरे, तुझा बार नेहमी डावीकडे पडतो. म्हणून त्याने तुझ्या फळीला डाव्या बाजूने पत्रा मारला. मग बघ तुझे दीडशे कसे निघाले. मग म्हणाला, स्पर्धेत फळी नाही, तर बुटालाच करून घेऊ. ठाण्याला किती खेपा घातल्या त्याने त्या चांभाराकडे, विचारू नको. मी रागावलेलो पण तेव्हा. म्हटलं, माझ्यासाठी नाही कधी केलंस एवढं."

भिवाजीला वाटलं, आत्ताच्या आत्ता उठावं आणि मागच्या दाराने चालू पडावं, कळव्यापर्यंत चालत जावं, कुणाला तोंड दाखवू नये.

पण परशुराम समोरच येऊन उभा राहिला होता. त्याने आपला बिघडलेला गुडघा हाताने धरून हळूच टेकवला आणि भिवाजीचे पाय पुढे ओढले.

"काय बांधल्यास रे या पट्ट्या? दे इकडे. खालून वर आवळत यायचं."

पट्टी बांधता बांधता त्याचा हात बुटाशी आला आणि थांबला. त्याने बूट जरा तिरका केला. लाकडावर पटाशीचा ताजा, पांढरा व्रण होता. परशुरामने त्यावर अंगठा फिरवला.

"पडली का चकती?"

हो म्हणणं किती सोपं होतं. पडली असेल रस्त्यात, एवढंच म्हणायचं. भिवाजीने तोंड उघडलं.

"काढून घेतली," तो म्हणाला.

परशुरामने त्याच्याकडे पाहिलं, मग बाकावरच्या आपल्या भावाकडे. पुन्हा त्याच्याकडे. काय ते त्याला कळलं. त्याच्या कपाळावर एक आठी आली आणि तशीच राहिली.

"अस्सं," तो म्हणाला. "मला विचारायचंस तरी."

बाहेर भिवाजीचं नाव पुकारलं. परशुरामने खडूच्या खोक्याचं झाकण फाडलं, दुमडलं, पुन्हा दुमडलं, डावा बूट सैल करून ते टाचेखाली सरकवलं आणि नाडी अशी खेचली की भिवाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उभा राहा. लागतंय का सारखं?"

"लागतंय."

"मग जा."

बार खांद्यावर आला तेव्हा या वेळी तो दोन्हीकडे सारखा बसला. भिवाजी खाली गेला, पार खाली, आणि तळाला एक क्षण वाटलं की आता नाही. मग मांड्यांनी ढकललं. सगळं अंग थरथरलं, नाकातून आवाज निघाला, पण पाय जागचे हलले नाहीत. तो उभा राहिला. तीन पांढरे दिवे लागले आणि मागून कुणीतरी कळव्याच्या नावाने आरोळी ठोकली.

पडद्यामागे येताना त्याला हसू आवरत नव्हतं. त्याने परशुरामला शोधलं. परशुराम काळुरामजवळ उभा होता, एक हात त्याच्या मानेवर, आणि त्याच्या कानाशी वाकून हळू आवाजात काहीतरी सांगत होता. काळुरामने एकदा भिवाजीकडे पाहिलं आणि मान डोलावली.

माझ्याबद्दलच चाललंय. भिवाजीच्या मनात आलंच ते, इतकं सगळं होऊनही. आलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

काळुराम स्टेजकडे गेला. परशुराम लंगडत येऊन पुन्हा भिवाजीसमोर टेकला.

"काय सांगितलंस त्याला?" भिवाजीने विचारलं.

"म्हटलं, आता पाच किलो जास्त माग." परशुरामने वर न बघता सोडवायला पट्टीचं टोक शोधलं. "भिवा डेडलिफ्टला बेरजेत तुला गाठणार. त्याची पाठ तुझ्याहून दणकट आहे. इथंच पुढे निघून जा, नाहीतर हरशील."

भिवाजीने झटकन मान वर केली.

"भाऊ आहे माझा," परशुराम म्हणाला. "त्याला नको सांगू?"

स्टेजवर बार रॅकमधून उचलल्याचा आवाज झाला. दोघांनीही माना तिकडे वळवल्या. भिवाजीने दुसरा पायही पुढे केला.