नेव्ह तुमचा कोण लागतो?

"मग हे नेव्हिल डॉब्सन तुमचे कोण लागतात?" टेबलापलीकडच्या बाईने विचारलं.

ग्लेनिसने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मला याचं उत्तर ठाऊक असतं तर मी ते केव्हाच गावभर केलं असतं, असा माझा लौकिक आहे.

"नेव्ह ना?" ग्लेनिस म्हणाली. "नेव्ह... नेव्ह आहे तो."

"म्हणजे भाडेकरू?"

"भाडं नाही देत तो."

"मग नातेवाईक? भाऊ वगैरे?"

"छे, भाऊ कुठला! माझा भाऊ पर्थला असतो. वर्षातून एकदा नाताळचं कार्ड पाठवतो. नेव्ह तसा नाहीये."

"मग जोडीदार?"

बाईची बोटं कम्प्युटरवर थांबली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर टॅम्सिन असं नाव होतं. बाई वाईट नव्हती. पस्तिशीची असेल, डोळ्यांखाली काळं, मूल रात्री झोपू देत नसावं. पण तिच्यासमोरच्या पडद्यावर एक चौकोन रिकामा होता आणि तो भरल्याशिवाय पुढचा उघडत नव्हता.

आम्ही बेकारी भत्त्यासाठी आलो होतो. आम्ही म्हणजे ग्लेनिस. मी गाडी चालवायला आणि धीर द्यायला. हॅरो पॉइंटला, टास्मानियाच्या आमच्या या टोकाला, शिंपले सोलायची एकच शेड होती आणि ईस्टरनंतर ती बंद पडली. ग्लेनिस आणि मी वीसेक वर्षं तिथे एका टेबलाशी उभ्या होतो. सुरी शिंपल्यात घालायची, फिरवायची, आतलं मांस बादलीत, कवच चरात. माझा नवरा कमावतो, त्यामुळे मला भत्ता मिळायचा प्रश्नच नव्हता. निदान माझ्या बाबतीत गोंधळ नव्हता.

ग्लेनिसचं तसं नव्हतं. एकटी धरली तर भत्ता पूर्ण. कोणाची जोडीदार धरली तर त्याचा पगार मोजणार, आणि नेव्ह कौन्सिलचं रस्ते सारखे करायचं मशीन चालवतो, त्याचा पगार चांगला. म्हणजे हाती भोपळा. आणि भत्ता नाही मिळाला तर घराचा कर, विमा, थंडीतला लाकूडफाटा, सगळं थकणार आणि शेवटी घर विकून होबार्टला बहिणीच्या मागच्या खोलीत जाऊन राहावं लागणार. बहिणीने ती खोली झाडूनसुद्धा ठेवली होती. "नेव्हकडे माग की," असं मी एकदा म्हटलं होतं. त्यावर ग्लेनिस दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

"बरं, आपण असं करू," टॅम्सिन म्हणाली. "मी साधे साधे प्रश्न विचारते. तुम्ही जे आहे ते सांगा. जेवण एकत्र करता?"

"हो. म्हणजे स्वयंपाक मी करते. मासे तो आणतो. साफ पण तोच करतो, मला आता शिंपल्या-माशांचा वीट आलाय."

"कपडे कोण धुतं?"

"मशीन."

मला हसू आलं. टॅम्सिनलाही आलं असावं, पण सरकारी खुर्चीवर बसून हसणं बरं दिसत नाही.

"झोपायची खोली एक?"

"नाही हो!" ग्लेनिस कानापर्यंत लाल झाली. "तो मागच्या व्हरांड्यातल्या खोलीत. पहिल्यापासून."

"सुट्टीला एकत्र जाता?"

"सुट्टीला कोण जातं? हां, एकदा त्याची मोठी बहीण वारली तेव्हा आम्ही ॲडलेडला गेलो होतो. पण ते मयताला. ती सुट्टी धरायची का?"

टॅम्सिनने काहीतरी लिहिलं. मग विचारलं, "ते आजारी पडले तर कोण बघतं?"

"मागच्या हिवाळ्यात त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तेव्हा मी रोज जायचे इस्पितळात. आता तिथलं जेवण म्हणजे... माणसाला बरं करायचं की मारायचं, तेच कळत नाही. मग सूप न्यायला नको?"

मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. तिला कळलंच नाही. खरं सांगावं तर पोटावर पाय आणि खोटं तर तिला सांगताच येत नाही. शेडमध्ये मजुरी वजनावर, म्हणून इतर बायका बादलीत पाणी राहू द्यायच्या, मीसुद्धा. ही मात्र निथळून निथळून आणायची. असली बाई भत्त्याच्या ऑफिसात एकटी पाठवायची म्हणजे कोकराला खाटकाकडे रस्ता विचारायला पाठवण्यासारखं.

"मिसेस टिकनर," टॅम्सिन हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं? ते तुमचे कोण आहेत?"

ग्लेनिसने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिने अगदी मनापासून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला?"

"तुम्ही रोज एवढी माणसं बघता. मला आजपर्यंत कोणी विचारलंच नाही हो. मीपण नाही विचारलं स्वतःला. रॉस गेला, माझा नवरा, त्याच्या मयतानंतर नेव्ह छपराचा पत्रा बदलायला आला. दोघं एकाच बोटीवर असायचे ना. रविवारपर्यंत राहतो म्हणाला. मग पाऊस लागला, पत्रा राहिला. मग कुंपण पडलं. मग... एका घराला किती कामं असतात, तुम्हाला माहितीये."

"किती वर्षं झाली याला?"

"चौदा."

टॅम्सिन माझ्याकडे वळली. "तुम्ही शेजारी ना? गावातले लोक यांना जोडपं समजतात का?"

घ्या. मी आले होते धीर द्यायला आणि आता साक्षीला उभी. हो म्हटलं तर मैत्रिणीच्या तोंडचा घास काढला, नाही म्हटलं तर गाव मला हसणार. पहिली दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून या दोघांची खूप चर्चा केली होती. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, फुटबॉलच्या मैदानावर. मग त्यांच्यात काहीच घडेना, तेव्हा आम्ही कंटाळलो. आता लग्नाच्या आमंत्रणावर 'ग्लेनिस आणि नेव्ह' असं एका ओळीत लिहितात आणि कोणी त्याचा विचारही करत नाही.

"आमच्या गावातले लोक काय," मी म्हटलं, "काहीही समजतात. आमच्या पोस्टातला माणूस स्वतःला देखणा समजतो."

टॅम्सिनने उसासा टाकला. तिच्या पडद्यावरचा चौकोन अजून रिकामाच होता. "मग त्यांनाच विचारावं लागेल," ती म्हणाली. "फोन करते. तुम्ही दोघींनी मध्ये बोलायचं नाही."

"आत्ता?" ग्लेनिस दचकली. "अहो, तो कामावर असेल. त्याला मी काहीच सांगितलेलं नाही!"

"तेच बरं," टॅम्सिन म्हणाली आणि नंबर फिरवला.

फोन मोठ्या आवाजावर होता. आधी नुसती मशीनची घरघर ऐकू आली. मग नेव्ह ओरडला, "कोण?" टॅम्सिनने आपलं नाव सांगितलं, ऑफिसचं सांगितलं, ग्लेनिस टिकनरच्या अर्जाबद्दल आहे म्हणाली. घरघर बंद झाली.

"तिला बरं नाहीये का?" नेव्हने विचारलं.

"त्या ठीक आहेत. इथेच बसल्यात, ऐकतायत. मला एवढंच विचारायचंय, त्या तुमच्या जोडीदार आहेत का?"

पलीकडे कावळा ओरडल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

"ती काय म्हणाली?" नेव्हने विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही."

"ती जे म्हणाली तेच लिही, पोरी."

"तसं चालत नाही, मिस्टर डॉब्सन. तुमचं तुम्हीच सांगायचं."

"बरं. काय सांगितलं की तिला पैसे मिळतील?"

मी ओठ चावला. टॅम्सिनने डोळे मिटून घेतले. "तेही मला सांगता येणार नाही. जे खरं आहे ते सांगा."

पुन्हा कावळा. ग्लेनिस फोनकडे अशी बघत होती, जणू त्यातून आता नेव्ह स्वतःच बाहेर येणार आहे. मी तिला चाळीस वर्षं ओळखते. लग्नात पाहिलंय, बाळंतपणात पाहिलंय, रॉसच्या कबरीशी पाहिलंय. पण ती कशाची तरी वाट बघतेय असं मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आणि ती 'हो'ची बघतेय की 'नाही'ची, हे मला तेव्हाही कळलं नाही. तिला तरी कळलं असेल का, देव जाणे.

"ती रॉसची बायको आहे," नेव्ह म्हणाला.

टॅम्सिन गोंधळली. "पण ते तर वारलेत ना?"

"वारला. म्हणून काय त्याची बायको दुसऱ्या कोणाची होते?" नेव्हचा आवाज नेहमीसारखाच होता, पाऊस येणार की नाही सांगतो तसा. "मी मागच्या खोलीत राहतो. घराला माणूस लागतो. बस. अजून काही विचारायचंय? इथे रस्ता अडवून उभा आहे मी."

फोन बंद झाला. ग्लेनिसने चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकाने पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसतच राहिली.

"झालं," टॅम्सिन म्हणाली. तिच्या बोटांना आता वेग आला होता. "तुमची नोंद एकट्या म्हणून होईल. भत्ता मिळेल तुम्हाला. फक्त घरात सगळं वेगळं दिसायला हवं. त्यांनी राहण्या-जेवणाचे थोडे पैसे द्यावेत, तुम्ही पावती द्यावी. आणि परिस्थिती बदलली तर ताबडतोब आम्हाला कळवायचं."

"कसली परिस्थिती?"

"नात्याची."

"ती बदलली हे कळतं कसं?" ग्लेनिसने विचारलं. थट्टा नव्हती, तिला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं.

टॅम्सिनने कागद तिच्यापुढे सरकवला. "कळतं बहुतेकांना," ती म्हणाली.

गाडीत मी खूप बोलले. मला शांतता सहन होत नाही. घर वाचलं, बहिणीची खोली राहू दे तिची तिलाच, आज रात्री एक बाटली उघडू, असं काय काय. वाटेत बंदराजवळ थांबून आम्ही गरम चिप्स घेतल्या, व्हिनेगर घालून. ग्लेनिसने दोन खाल्ल्या आणि पुडा मांडीवर तसाच धरून ठेवला.

"चांगलं झालं ना गं, रेलीन?" ती म्हणाली.

"चांगलंच झालं. पैसे मिळाले."

"हो. चांगलंच झालं." आम्ही डोंगर उतरलो. मग एकदम, "रॉसची बायको म्हणाला."

"अगं, तुला पैसे मिळावेत म्हणून म्हणाला तो! हुशार आहे, त्याने ओळखलं. विचारलं नाही का त्याने, काय सांगितलं की मिळतील?"

"मग जोडीदार नाही, एवढंच म्हणायचं होतं की. भाडेकरू म्हणायचं. असं कोणी आयत्या वेळी बनवून सांगतं का?"

मी गिअर बदलला.

"विचार त्याला," मी म्हटलं.

"काय विचारू? खरंच म्हणालास का, असं? आणि तो नाही म्हणाला तर? मग कळवावं लागेल ना त्या बाईला. परिस्थिती बदलली म्हणून." ती हसली, पण ते काही हसणं नव्हतं. "चौदा वर्षं मी त्या माणसाची अंडी कडक उकडतेय, रेलीन. मला स्वतःला अर्धकच्ची आवडतात. पण त्याच्याबरोबर मीपण कडकच खायला लागले. आणि मला वाटायचं... काय वाटायचं तेही माहीत नाही बघ मला. काहीतरी वाटायचं."

मला रडू आलं. तिला नाही आलं. तिने चिप्सचा पुडा नीट दुमडून ठेवला.

तिला घरी एकटी सोडवेना, म्हणून मी चहाला थांबले. तिने चूल पेटवली, मटण ओव्हनमध्ये सरकवलं, बटाटे सोलायला घेतले आणि मध्येच थांबली.

"त्याचे सोलायचे का गं?"

"सोल की. बटाट्यांवर कोण पाळत ठेवणार आहे?"

तिने सोलले. बाहेर उजेड कमी झाला तेव्हा नेव्हचा ट्रक आला. दार आपटलं, नळ सुरू झाला, बूट पायरीवर काढल्याचा आवाज आला. मग दारावर टकटक झाली.

आमच्या गावात मागच्या दाराला कोणी टकटक करत नाही. पोलीस आणि धर्मप्रसारवाले करतात, तेही पुढच्या दाराला. चौदा वर्षं न विचारता आत येणारा नेव्हच टकटक करतोय, हे ग्लेनिसच्या लक्षातच आलं नाही.

"कोण आहे?" ती ओरडली.

"मी."

"मी कोण?"

"मी, नेव्ह."

ग्लेनिसच्या हातातला बटाटा तसाच राहिला. "दार उघडंच आहे, नेव्ह," ती म्हणाली.

"माहितीये."

पण तो आत आला नाही. दाराच्या काचेतून त्याची आकृती दिसत होती, टोपी हातात घेतलेली. ग्लेनिसने बटाटा खाली ठेवला, हात पुसले, ॲप्रन सोडून खिळ्याला अडकवला. केसांवरून एकदा हात फिरवला. मग जाऊन तिने दार पूर्ण उघडलं.

"ये ना," ती म्हणाली.

नेव्ह आत आला, आणि तिने खुर्ची पुढे सरकवेपर्यंत उभाच राहिला.