दोर हातात होता

"शिवणच गेली ना?" नवऱ्याने दारातूनच विचारलं.

बूट घालून आत यायची परवानगी नव्हती. कारखान्याची लाकडी जमीन रोज दोनदा पुसली जायची, कारण तिच्यावर शिडं अंथरली जायची आणि पातळ कापडाला एवढासा खडाही पुरतो. ती गुडघ्यांवर रांगत फाटलेलं शीड उलगडत होती. फुगा म्हणत त्याला सगळे. वारा पाठीमागून असला की होडीच्या नाकापुढे फुगून उभं राहतं ते अवाढव्य शीड, एक कड लांब, एक आखूड. हा फुगा तिनेच शिवला होता, मागच्या वर्षी, अठरा दिवस खपून.

"बघतेय अजून," ती म्हणाली.

"बघायचं काय त्यात? जोराचा झोत आला, टर्रकन आवाज झाला, संपलं. दोर शेवटपर्यंत माझ्या हातात होता."

फुग्याचा दोर त्याच्याच हातात असायचा, गेली सव्वीस वर्षं. होडीवर त्याला मामा म्हणत, आणि मामा असताना दुसऱ्या कुणी त्या दोराला हात लावायचा नाही, हे न सांगता ठरलेलं होतं. रविवारची शर्यत मात्र भोवली. होडी झोतात सापडून आडवी झाली, फुगा पाण्यात गेला, फाटला, आणि पुढच्या टोकाला उभा असलेला माणूस बाहेर फेकला जाऊन दोन बरगड्या मोडून घेऊन आला. आज चार वाजता होडीचे मालक कारखान्यात येणार होते.

मालकांना कॅप्टन म्हणत. जहाजावर ते कधी चढले असतील तर तिकीट काढूनच. पण होडी त्यांची, तेव्हा शब्दही त्यांचाच चालायचा. त्यांनी सांगून ठेवलं होतं, चूक शिवणीची असेल तर कारखान्याशी बोलू, हाताची असेल तर मामांनी उद्यापासून घरी बसावं.

"शिवण गेली म्हणून सांग," नवरा आवाज उतरवून म्हणाला. "तुझं काय, एक शिवण उसवली एवढंच. माझं सगळं जाईल."

'तुझं काय' ऐकून तिच्या मस्तकात तिडीक गेली. बावीस वर्षांत तिची शिवण एकदाही परत आली नव्हती. पण हे याला सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. "बघते म्हटलं ना," एवढंच ती म्हणाली, आणि तो गेला.

शिवण जाते तेव्हा दोरा तुटतो आणि कापडावर सुईची भोकं रांगेने उरतात. इथे टाका न् टाका जागच्या जागी होता. कापड शिवणीच्या शेजारून फाटत गेलं होतं, शिवणीने मात्र दोन्ही तुकडे घट्ट धरून ठेवले होते. तिला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग शीड ज्या पिशवीतून आलं होतं तिच्या तळाशी दोर सापडला, शिडाच्या कोपऱ्याला अजून बांधलेलाच. सवयीने तो बोटांतून सरकवत गेली आणि एका जागी बोटं थांबली. टीचभर दोर चपटा झाला होता, तंतू पिंजारले होते, आणि दोन्ही अंगांना दातांच्या खुणा होत्या.

होडीवर दोर अडकवून ठेवायला दातेरी पकड असते. बाकीच्या शिडांचे दोर तिच्यात खुशाल अडकवावेत. फुग्याचा नाही.

हे तिला नवऱ्यानेच शिकवलं होतं. ती स्वतः होडीत कधी बसली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात त्याने गच्चीवर चादरीला दोरी बांधून तिच्या हातात दिली होती. "ओढत बसू नकोस. सैल सोड, अजून सोड. ती पुढची कड मुडपायला लागली? आता जराशी घे. बास. पुन्हा सोड. दिवसभर हेच करायचं. आणि झोत आला की भसकन सोडून द्यायचं, नाहीतर होडी आडवी झालीच म्हणून समज. हा दोर कधी बांधायचा नाही. बांधला की मेला." ती हसून हसून बेजार झाली होती, आणि शेजारीण गच्चीच्या दारात उभी राहून पाहत होती.

आता तिला एकेक आठवायला लागलं. तीन महिने तो डाव्या हाताने भांग पाडत होता. वरच्या फळीवरचा डबा मागत होता, स्वतः काढत नव्हता. उजवा खांदा धरला होता त्याचा. दोर पेलवेना म्हणून अडकवला असणार, आणि झोत आला तेव्हा त्या दातांतून सुटला नसणार.

तिला त्याची कीव आली, आणि लगेच त्या किवेहून जास्त राग आला. खांदा दुखतो एवढं सांगायला काय झालं होतं? बायको होती ती त्याची, शर्यतीची पंच नव्हे. आणि वर तोंड करून म्हणतो, दोर हातात होता.

साडेतीनला तिने टाके कापायची उसवणी घेतली आणि फाटलेल्या जागेजवळची स्वतःची शिवण वीतभर उसवली. टाके सुटता सुटेनात, इतके पक्के घातले होते. एकेक कापावा लागला. डोळे भरून आले तेव्हा बाहीने पुसले, शिडावर काही पडू दिलं नाही. मग दोराचा तेवढा तुकडा कापला आणि सुयांच्या डब्यात टाकला.

कॅप्टन बूट काढून आत आले. एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता.

"बाई, लांबण लावू नका. काय गेलं?"

"शिवण गेली. चूक माझी."

"वाटलंच. मामा रविवारपासून तेच म्हणतायत."

रविवारपासून. म्हणजे तिला विचारायच्या आधीच तिचं नाव सांगून मोकळा झाला होता. उसवलेली जागा दोन बोटांनी धरून तिने दाखवली, त्यांनी नीट पाहिलीही नाही.

पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या मालकाने तिच्याकडे न बघता सांगितलं, थोडे दिवस मागच्या खोलीत बसा. मागच्या खोलीत होड्या झाकायची जाड आच्छादनं शिवतात. तिथली शिवण वाकडी गेली तरी कुणाचं अडत नाही. तिच्या मशीनवर दोन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी बसली. आणि नवरा मानाने होडीवर गेला.

महिन्याभराने त्यांच्या लेकीचे सासरे दुपारच्या जेवणाला आले. व्याह्यांना होड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून नवऱ्याला भलताच हुरूप आला.

"होडी आडवी झाली म्हणे तुमची?" व्याह्यांनी विचारलं.

"झाली ना. आता घरातलं माणूस, काय बोलायचं?" नवरा तिच्याकडे पाहून हसला. "टाके कच्चे राहिले हिचे. होतं, वय झालं की. आम्ही आपलं निभावून नेलं. अहो, सगळी गंमत हाताची असते. हा दोर कधी बांधायचा नाही. बांधला की..."

ती वाढता वाढता उठली. आतून सुयांचा डबा आणला, तुकडा काढला, आणि नवऱ्याच्या ताटाशेजारी, पाण्याच्या पेल्याला लागून ठेवला. दातांच्या खुणा वर आल्या होत्या.

"हे काय विहीणबाई?" व्याह्यांनी विचारलं.

"काही नाही. कापलेला तुकडा आहे, ह्यांचा. महिनाभर माझ्याकडेच राहिला होता." तिने भाताचं भांडं उचललं. "तुम्हाला वाढू अजून?"

व्याही भात घेत होते. नवऱ्याने खाली मान घालून तुकडा उचलायला उजवा हात पुढे केला. तो पेल्यापर्यंत पोचला नाही. मग त्याने डाव्या हाताने तो उचलला आणि खिशात ठेवला. तिने त्याच्या ताटात भात वाढला, आणि न मागता पेला त्याच्या डाव्या हाताशी सरकवला.