सपाट आलेला सुळा

आमचे पेकाक हसायला लागले, हीच माझी तक्रार आहे. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. जाऊ म्हणाली, "अगं, म्हातारपणी नवरा हसतोय तर नवस फेड." तिचं काय जातंय! शेहेचाळीस वर्षं मी या माणसाबरोबर काढली. चार लेकरं झाली, त्यातलं एक गेलं, तीन वर्षांचं भात उंदरांनी खाल्लं, आणि एवढ्या काळात पेकाक हसले असतील ते दहा-बारा वेळा, तेही ओठ मिटून. पेकाक म्हणजे आजोबा. नातवंडं झाल्यापासून मी त्यांना पेकाक म्हणते, ते मला दादोंग, म्हणजे आजी, म्हणतात.

आता सकाळी उठले की आधी आरसा. मग कोंबड्यांकडे बघून हसायचं, शेजारणीकडे बघून हसायचं. मयताला गेले, तिथेही हसले. डाव्या बाजूचा ओठ तेवढा वर जातो. उजवा जागचा हलत नाही.

दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर मी बोललेही नसते. पण पेकाक आमच्या गावचे दात सपाट करणारे. पोरगी न्हाती झाली, पोराचा आवाज फुटला, की घरचे त्यांना बोलावतात. बांबूच्या खाटेवर पोराला आडवं करायचं, जबड्यात उसाचा तुकडा द्यायचा आणि वरच्या सहा दातांवर कानस फिरवायची. सहा दात, सहा रिपू. भुकटी आणि थुंकी शहाळ्यात घ्यायची आणि ते शहाळं पितरांच्या देव्हाऱ्यामागे पुरायचं. सुळ्यांची टोकं गेली की पोर माणसांत आलं. टोकं घेऊन जो मरतो त्याला पितर वर दारातही उभं करत नाहीत, त्यांना वाटतं जनावर आलंय. चाळीस वर्षांत निम्म्या गावाचे सुळे पेकाकांच्या हातून गेले, आणि एकाच्याही ओठाला ओरखडा आला नाही.

गेल्या वर्षी सणाचं लावार, खिमा-खोबऱ्याचं कालवण, खाताना डुकराचं हाड दाताखाली आलं आणि त्यांचा स्वतःचा डावा सुळा मुळापर्यंत चिरला. गियान्यारच्या डॉक्टर दायूंनी तो काढला. पेकाक कवळी नको म्हणाले, मंत्र म्हणताना हलते. मग दायूंनी जबड्याच्या हाडात स्क्रू बसवला, चार महिने हाड त्याला धरू दिलं, आणि मग वर कॅप चढवली. पांढरीशुभ्र, काचेसारखी गुळगुळीत. दायू वयाने माझ्या धाकट्या लेकराएवढ्या असतील, पण ब्राह्मणाच्या घरच्या, म्हणून मी त्यांना तुम्ही म्हणते. आणि आमच्यातल्याच, त्यामुळे काही सांगावं लागलं नाही. उजवा सुळा सपाट, म्हणून डावाही त्यांनी सपाटच करून मागवला.

घरी आल्यावर मी त्यावरून बोट फिरवलं. पाटीसारखा सपाट.

"डॉक्टरीणबाईंनी माझं काम आधीच उरकलं," पेकाक म्हणाले. आम्ही सगळे खो खो हसलो. त्या दिवशी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की हे हसण्यावारी न्यायचं काम नव्हतं.

आधी कुत्रीला कळलं. बारा वर्षं ती त्यांच्या खाटेखाली झोपायची. एक दिवस उठून जावेच्या अंगणात गेली ती गेलीच. हाक मारली की शेपूट हलवते, पण मधला उंबरा ओलांडत नाही.

मग एका सकाळी देवापुढे ठेवायचे द्रोण ओट्यावर मांडून मी फुलं खुडायला वळले. परत येते तो पेकाक द्रोणातला भाताचा मुटका चावत उभे. देवाने खाण्याआधी! ज्या माणसाने आयुष्यभर नैवेद्यावर साधी सावली पडू दिली नाही, तो.

"भूक लागली," म्हणाले.

"स्वयंपाकघराला कुलूप होतं का? आता हे उष्टं देवाला दाखवू?"

ते हसले, मुटका परत द्रोणात ठेवला आणि चालते झाले. मी तो उचलला. चिकट भातावर दातांचा ठसा साच्यातून काढल्यासारखा उठला होता. सगळे दात एका रेषेत, आणि डावीकडे एक भोक. मी करंगळी घालून पाहिली. नख पूर्ण बुडालं.

दुपारी त्यांना मागच्या अंगणात गाठलं. "आ करा."

"कशाला?"

"आ करा म्हणते ना. गावभर लोकांना आ करायला लावता, तुम्हाला एकदा सांगितलं तर एवढं काय?"

त्यांनी तोंडावर हात घेतला. नव्या नवरीसारखा. मी हात ओढायला गेले तर घशातून एक आवाज आला. घोरल्यासारखा होता, पण ते जागे होते आणि माझ्याकडेच बघत होते. मी मागे सरले. खोटं कशाला सांगू, त्यांना घाबरून मी आयुष्यात पहिल्यांदा मागे सरले.

नऊ दिवसांवर आमच्या सुआस्तीचे दात सपाट करायचे होते. सुआस्ती माझ्या थोरल्याची मुलगी, अठरा वर्षांची. पुरोहितांनी मंगळवार काढून दिला होता. गियान्यारला तीच आम्हाला गाडीतून घेऊन गेली. स्क्रू तपासायचाय, डॉक्टरांचा निरोप आलाय, असं मी पेकाकांना सांगितलं होतं.

दायूंनी त्यांना खुर्चीत निजवलं, दिवा ओढला, तोंडात छोटा आरसा घातला. उठून कपाटातून पेकाकांच्या मापाचा प्लॅस्टरचा जबडा आणला. त्यावरचा सुळा सपाट. पुन्हा तोंडात बघितलं.

"दादोंग, हा मी बसवलेला नाही."

"मग दुसऱ्या कुणी बसवला? आजूबाजूला तुमच्याशिवाय स्क्रू फिरवणारं कोण आहे?"

त्यांनी बारीक पाना घातला, चार-पाच वेळा फिरवला आणि कॅप काढून ट्रेमध्ये ठेवली. मी वाकून बघितलं, सुआस्तीने बघितलं. ट्रेमध्ये कॅप सपाट होती. प्लॅस्टरच्या जबड्यावर ठेवली, तिथेही सपाट. दायूंनी घाम पुसला. "माझ्याच डोळ्यांना झालं असेल काहीतरी," म्हणाल्या. "तरी आजच्या दिवस इथेच ठेवूया का?"

"लावा," पेकाक म्हणाले. रिकाम्या हिरडीतून आवाज पोकळ आला. "माझी आहे."

दायूंनी लावली. पेकाकांनी तोंड मिटलं, आवंढा गिळला, आणि मग स्वतःहूनच हसले. डावीकडे काट्यासारखं टोक चमकलं. दायूंच्या हातातला आरसा फरशीवर पडला.

"काढा!" मी ओरडले. पण पेकाक खुर्चीतून उठून दाराबाहेर गेलेही होते.

मी तिथेच उभी राहिले. दुसरंच काहीतरी मला कुरतडत होतं. "दायू, हा दात सपाट केला कुणी?"

"मशीनने. म्हणजे, सपाट केला असंही नाही. टोक त्याला कधी नव्हतंच. तसाच कापून निघतो."

"भुकटी?"

"पाण्याबरोबर वाहून जाते, दादोंग."

म्हणजे कुणी त्याला आडवं केलं नाही. वर पांढरं-पिवळं कापड धरलं नाही, मंत्र नाही, उसाचा तुकडा नाही, काही पुरलं नाही. पाच दात रीतीने माणसांत आले, आणि सहावा नुसताच माणसासारखा दिसत तोंडात शिरला. आणि आम्ही हसलो होतो.

परतताना सुआस्ती मैत्रिणीशी फोनवर बोलत हसत होती. पुढच्या आरशात तिचे दात दिसत होते. पेकाक बघत राहिले. "छान टोकं आहेत हिची," म्हणाले. "राहू द्यावीत."

"पेकाक, काहीतरीच!" सुआस्ती म्हणाली. "मला लग्न करायचंय, माकड नाही व्हायचं. आणि तुमच्याच हातून करून घेणार मी, आधीच सांगून ठेवते."

ती पेट्रोल भरायला उतरली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. हात थंडगार.

"मी हसत नाहीये, दादोंग."

"मग कोण हसतंय?"

त्यांनी माझा हात आपल्या डाव्या गालावर नेऊन ठेवला. आत काहीतरी ओढ घेत होतं, दाव्याला वासरू हिसके देतं तसं. ते ओठ मिटायला बघत होते, आणि मिटता येत नव्हता. डोळे भरून आले होते. सुआस्ती दार उघडून आत बसली तसा ओठ पुन्हा वर गेला.

दुसरा माणूस बोलवायचा, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलंही. पण गावच्या दातवाल्याच्या घरी बाहेरचा दातवाला आला, तर चाळीस वर्षांच्या नावाचं काय राहिलं? मी तोंड शिवून बसले. नाव माझंही होतं ना. मनाला सांगत राहिले, हात तर त्यांचाच आहे, दात काय करणार आहे.

मंगळवारी पूर्वेच्या ओट्यावर सगळं मांडलं. पुरोहितांनी तीर्थ शिंपडलं, बायकांनी वर कापड धरलं. सुआस्ती खाटेवर आडवी झाली, सोनेरी वस्त्रात, एकदम मोठी झालेली दिसत होती. पेकाकांनी तिच्या जबड्यात उसाचा तुकडा दिला आणि सगळ्यांत आधी अंगठा तिच्या सुळ्याच्या टोकावर दाबला. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. तो त्यांनी चाटला. लोकांना वाटलं, रीतच असेल काहीतरी. मला रीत पाठ आहे. असं काही नसतं.

मग कानस लागली.

तो आवाज माझ्या अंगात मुरलाय. आडवा, सरळ, एका लयीतला, वाळलेल्या झावळ्या एकमेकींवर घासल्यासारखा. हा तसा नव्हता. हा खालून वर जात होता, तिरका. एकदा. दोनदा. चाकूला धार लावताना निघतो तो.

सुआस्तीने उसाआडून काहीतरी म्हटलं. मी तिच्या तोंडावर कान नेला.

"दादोंग, टोचतंय."

मी पेकाकांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. कापड धरलेल्या बायका ओरडल्या. पुरोहितांनी मंत्र थांबवला. जाऊ म्हणाली, "अगं, वेड लागलं का तुला? सगळं गाव बसलंय!"

"बसू दे. सुआस्ती, ऊठ. उसाचा तुकडा थुंक आणि आईजवळ जा."

पोर उठली. पेकाक माझ्यासमोर उभे होते, कानस अजून मुठीत. ओठ वर, टोक बाहेर, आणि डोळे असे की पाण्यात बुडणारा माणूस काठाकडे बघतो. त्या डोळ्यांकडे बघूनच मी बोलले. सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात.

"पेकाक, तुमचा हात आज या पोरीला लागणार नाही, आणि हा दात वठणीवर आल्याशिवाय कुणाच्याच लेकराला लागणार नाही. गावाला जे म्हणायचं ते म्हणू दे, नाव गेलं तर जाऊ दे. या दाताची रीत करायची राहिली ती आपल्याच घरात राहिली, त्यात मीही आहे. द्या ती कानस इकडे. बाईने कधी धरली नाही, ठाऊक आहे मला, चाळीस वर्षं पुसून मीच ठेवलीय ती. आता खाटेवर तुम्ही. ऊस दाताखाली धरा, डोळे मिटा, आणि तो दात ओरडला तर ओरडू द्या, तुम्ही ओरडू नका. टोक झिजलं तर आपण दोघं पुढेमागे एकाच दाराने पितरांकडे जाऊ. नाही झिजलं तर आजच दायूंना बोलावून स्क्रूसकट उपटून घेईन, आणि राहिलेले दिवस तुम्ही दाताच्या खिंडीतून पेज प्या. पण असल्या तोंडाचा नवरा मी वर कुणाला माझा म्हणून दाखवणार नाही. व्हा आडवे."