सरावाचं मशीन

“चारी हजर!” ईश्वर मोठ्यांदा बोलून गेला आणि मग एकटाच ओशाळला, कारण केबिनमध्ये ऐकायला कुणी नव्हतं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर, काळ्या खिडकीत चार हिरव्या ओळी उमटल्या होत्या. जळगाव, पाचोरा, चोपडा, नरडाणा. कन्हैयालाल शेठजींचा सरकीच्या ढेपेचा ठोक व्यापार. जळगावच्या दाणा बाजारात पेढी, बाकी तीन ठिकाणी गोदामं आणि प्रत्येक ठिकाणी आल्यागेल्या मालाचा हिशेब ठेवणारा एकेक सर्व्हर. आजवर यातला एखादा रुसला, की ईश्वरने पिशवीत पेचकस टाकायचा आणि एसटी धरायची. नरडाण्याला पोचेपर्यंत अर्धा दिवस जायचा आणि तिथे गेल्यावर कळायचं, की वायर उंदराने कुरतडली आहे. आता हे नवं हत्यार आलं होतं. त्यात ना चित्रं, ना बटणं. नुसता हुकूम टाइप करायचा आणि इथल्या खुर्चीतून चारी मशीनं हलवायची. ते बसवताना मात्र ईश्वरच्या डोक्याचं पार दही झालं. एका फायलीत मशीनांची नावं, दुसरीत कुणाला कुठे शिरता येईल ते, आणि सगळ्यांना मिळून एक चावी. चोपड्याचं मशीन काही केल्या ती चावी घेत नव्हतं. आज एकदाचं घेतलं.

शेठजींचा मुलगा संयम आत आला आणि त्याने दार लावून घेतलं.

“झालं, ईश्वरभाऊ?”

“झालं ना! आता फक्त सांगा, कोणाकोणाला आत घ्यायचं.”

“सगळ्यांना घ्या,” संयम म्हणाला. “बाबूजींना काढा.”

ईश्वरला वाटलं, गंमत करतोय. पण संयमचे डोळे लाल झाले होते. गेल्या महिन्यात शेठजींनी चोपड्याला पाठवलेलाच माल पुन्हा पाठवला, आणि परत पुन्हा. गोदामात जागा नाही, पोती बाहेर उघड्यावर भिजली. नरडाण्याचं गिऱ्हाईक हात हलवत गेलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आता स्मरणशक्ती अशीच जात राहणार.

“मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? टोपी घालून रोज सगळ्यांच्या आधी पेढीवर येतात. तुम्ही असं करा, त्यांचा कॉम्प्युटर सरावाच्या मशीनला जोडा.”

सरावाचं मशीन म्हणजे कोपऱ्यातलं पाचवं. नव्या कारकुनांनी हात बसवावा म्हणून ठेवलेलं. खऱ्या साठ्याचे आकडे रोज सकाळी त्यात उतरायचे, पण माल पाठवायचा त्यातून दिलेला हुकूम पेढीच्या उंबऱ्याबाहेर जायचा नाही.

“कळलं तर?” ईश्वर म्हणाला.

“नाही कळणार. सगळं तसंच दिसेल.”

ईश्वर या पेढीवर आला तो पोती उचलायला. त्याला हमालीतून काढून कॉम्प्युटरच्या क्लासला बसवलं ते शेठजींनीच, आणि पहिल्या दिवशी स्वतः स्कूटरवरून सोडायला आले. त्या माणसाचं नाव त्याने फायलीत एका ओळीवरून खोडून दुसऱ्या ओळीवर लिहिलं. आधी नुसती चाचणी घेतली, मग खरा हुकूम दिला. बदल झाला, चूक शून्य, असं हत्याराने कळवलं. त्याच्या बापाचं काय जातंय कळवायला!

त्यानंतर आठवडाभर शेठजी रोज येत होते, चष्मा पुसत होते आणि कुठेच न जाणाऱ्या गाड्या पाठवत होते. संध्याकाळी समाधानाने हात झटकून उठायचे. ते आठवून ईश्वरला घरी ताटावर घास उतरेना.

“काय जयं? का बरं जेवत नही?” सुनिताने विचारलं.

“दात दुखस,” तो बायकोशीही खोटं बोलला.

मग एक दिवस दुपारी शेठजींनी त्याला हाक मारली.

“ईश्वर, दार लाव. बस. पाचोऱ्याचा उखर्डू वारला का?”

“नाही हो शेठजी! का?”

“आठवडा झाला, तो माझ्याशी भांडला नाही.”

उखर्डू पाचोऱ्याच्या गोदामावरचा जुना माणूस. गाडी पोचली रे पोचली, की त्याचा फोन यायचा आणि जागा नाही म्हणून केलेला आरडाओरडा सगळ्या पेढीला ऐकू यायचा, “शेठ, आठे जागा नही शे! बठ्ठी ढेप मना डोकावर ठेवू का?” शेठजी तितक्याच जोरात उत्तर द्यायचे. वर्षानुवर्षं दोघांचा दिवस त्याशिवाय सुरू झाला नव्हता.

“काल मी मुद्दाम त्याच्याकडे गाड्यांवर गाड्या पाठवल्या,” शेठजी म्हणाले. “फोन नाही. शेवटी मीच लावला. तर म्हणतो कसा, सगळं ठीक आहे शेठजी, तब्येतीला जपा. उखर्डू माझ्याशी गोड बोलला, ईश्वर! शेठजी म्हणाला मला!”

ईश्वरला मान वर करवेना. शेठजींशी बोलताना माल आल्यासारखंच बोला, असं संयमने सगळ्या गोदामांना सांगून ठेवलं होतं, पण उखर्डूला खोटं भांडता आलं नसणार.

“माझा कॉम्प्युटर कुठल्या मशीनला जोडलायस?”

थाप मारायला तोंड उघडलं, पण निघालं खरंच. “सरावाच्या,” तो म्हणाला.

“जिथे नवी पोरं शिकतात?”

“हो.”

“संयमचं चुकलं नाही,” शेठजी म्हणाले. “मला कळतं रे. कधी कधी सकाळचं दुपारी आठवत नाही. परवा घरी बायकोला, धनकुंवरला विचारलं, तुझी आई कधी येणार. बिचारी रडायला लागली, तेव्हा आठवलं, की तिच्या आईला खांदा मीच दिला होता.” त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “पण काढायचं तर सरळ काढायचं होतं. खेळातल्या दुकानात नव्हतं बसवायचं. तू तरी.”

ते ‘तू तरी’ ईश्वरला फार लागलं. त्याचे डोळे भरून आले.

“काढ मला. पुरतं काढ. तुझं ते नवं हत्यार करतं ना?”

“करतं. पण शेठजी, एवढी घाई कशाला? उद्या बघू.”

“उद्या मला आठवणार नाही. मी विसरायच्या आत कर.”

ईश्वरने तिथेच काळी खिडकी उघडली आणि हुकूम लिहिला. सगळ्या मशीनांवरून कन्हैयालाल हे नाव काढावं. लिहिला खरा, पण पुढे बोट चालेना.

“कोणतं बटण?”

“ते मोठं. एंटरचं.”

शेठजींनी स्वतःच दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वर पेढीवर आला तेव्हा शेठजी टोपी घालून खुर्चीत बसले होते. समोरचा पडदा नाव विचारत होता. ते लिहीत होते आणि पडदा नाही म्हणत होता.

“ईश्वर, बघ रे बाबा. हे मला आत घेईना.”

एक ओळ लिहिली असती, तर ते पुन्हा सरावाच्या मशीनवर बसले असते आणि संध्याकाळी समाधानाने उठले असते. ईश्वरचा हात तिकडे गेलाही. मग त्याने तो मागे घेतला.

“शेठजी, ते तुम्हीच बंद केलंय. काल.”

“मी?”

“तुम्ही. स्वतःच्या हाताने.”

शेठजींनी आठवायचा खूप प्रयत्न केला. ईश्वर जवळ उभा होता. त्याने घाई केली नाही.

“मी केलंय तर विचार करूनच केलं असेल,” ते म्हणाले. त्यांनी पडद्यावर कापड घातलं, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि बाहेर गिऱ्हाइकांच्या बाकावर, एका शेतकऱ्याशेजारी, जागा करून घेऊन बसले.