चंद्रीच्या गोठ्यातलं मांजर

घरात भटकं मांजर शिरलं की काय करावं, ह्ये मला शिकवायला त्या वर्षी अख्खी मंगळवार पेठ आलती. कोन म्हनलं, "खायाला घालू नगं झुंबरबाई, आपसूक जातंय." कोन म्हनलं, "पोत्यात घाल, पोतं गरागरा फिरीव आन् लांब नेऊन सोड. वाट चुकतंय." कोन म्हनलं, "आपनहून आलेलं मांजर हाकलू नये बाई, लक्ष्मी जातीया." ज्येला त्येला अक्कल शिकवायची हौस! पर आदी त्ये मांजर कशाला आलंय त्ये तर बघ, असं एकबी म्हनलं न्हाय. मीबी बघितलं न्हाय.

संस्थान विलीन झालं त्येच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. आमचं मालक जाऊन वरीस झालतं. माझ्याजवळ राहिलं काय, तर एक खोली, खोलीमागं गोठा आन् गोठ्यात चंद्री म्हस. कपाळावर पांढरा ठिपका, म्हनून चंद्री. रोज सकाळी तिला मिरजकर तिकटीच्या नाक्यावर न्यायची, गिऱ्हाईक भांडी घेऊन उभं असायचं, आन् त्येंच्या डोळ्यांदेखत धार काढायची. आमच्या कोल्हापुरात दूध असंच इकत्यात. घरनं काढून आनलेलं कोन घेत न्हाय. पानी घातलंय का काय, कुनाला ठावं? म्होरं बसून काढा, फेसासकट भांड्यात वता, मग त्ये दूध.

माझं धाकलं दीर गणपतराव कोडोलीला शेती करायचं. मानूस वाईट न्हाय, पर डोस्क्यात एकदा शिरलं की पार उतू गेल्याबिगर निघत न्हाय. दर महिन्याला यायचं आन् म्हनायचं, "वैनी, एकट्या बाईनं शहरात कशाला ऱ्हायाचं? म्हस इकू. कोडोलीला चला. दोन घास काय आमास्नी जड हायत?"

दोन घास जड न्हाईत ह्ये मलाबी ठावं हुतं. पर दुसऱ्याच्या चुलीवरचा घास गिळताना मान खाली घालावी लागती, आन् माझी मान जल्मापास्नं ताठ. मी सांगितलं, "भावजी, चंद्री दूध देतीया तवर मी हितनं हलनार न्हाय."

"आन् न्हाय दिलं तर?"

"तर मग बघू की!" म्हनलं मी. तोंडातनं शब्द गेला आन् त्येंनी त्यो गाठीला बांधला.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस चंद्रीचं रेडकू गेलं. कोवळं हुतं, पोट फुगलं आन् एका दुपारी मान टाकली. मी रडले, चंद्री त्येच्यापेक्षा जास्त हंबरली. आता रेडकू म्होरं नसलं तर म्हस पान्हा सोडत न्हाय, ह्ये ल्हान पोरबी सांगंल. मग कातडं कमवनारा आकाराम आला. त्येनं रेडकाचं कातडं सोडवलं, मीठ लावून वाळवलं, त्येच्यात पेंढा भरला, चार काठ्यांचं पाय केलं आन् माझ्या म्होरं रेडकू हुबं केलं. म्हशीला दाखवायला आमच्याकडं असंच करत्यात. वास त्यो, रंग त्यो, म्हस फसती. पोटाची शिवन मातूर एका बाजूनं उसवलेली ऱ्हायली. आकाराम म्हनला, "उद्या येऊन घालतो." उद्या म्हंजे कवा, त्ये त्येचं त्येलाच ठावं!

चंद्री काय फसली न्हाय. तिनं पेंढ्याच्या रेडकाला हुंगलं आन् तोंड फिरवलं. त्या दिवशी तिकटीवर गिऱ्हाईक रिकाम्या भांड्यानं परत गेलं. मी देवीला नारळ बोलले.

आन् दुसऱ्या सकाळी बघते तर काय, चंद्री त्या पेंढ्याच्या रेडकाचं पोट चाटाय लागलीया! घळाघळा पान्हा सोडला. मी म्हनलं, अंबाबाई पावली! आकारामाच्या हातात जादू हाय, असं मी सगळ्या पेठंत सांगत सुटले.

त्याच सकाळी गोठ्यात त्ये मांजर पयल्यांदा दिसलं. काळं-पांढरं, एक कान फाटलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात असं. मी म्हनलं, आलं बघा दुधाच्या वासावर! खराटा उचलला, तर भिताडावर. खराटा ठिवला, तर परत खाली. तिकटीला निघालं की म्होरं चंद्री, मागं कडंवर पेंढ्याचं रेडकू घेतलेली मी, आन् माझ्यामागं शेपूट वर करून ह्ये. लोकं हसायची, "काय झुंबरबाई, वरात कुठं निघाली?" रेडकू चंद्रीम्होरं ठिवलं की मांजर त्येच्याआड शिरून बसायचं. मी धार काढायची. कवातरी ध्यानात यायचं की ह्येला मी थेंब दिला न्हाय, तरी ह्ये कशाला येतंय? पर इचार करायला येळ कुनाला हुता?

माझ्या गिऱ्हाइकांत अंबादास मास्तरांची बायको विमलाबाई. बाई सोवळ्याची, बोलनं मऊ, पर एकदा नाक मुरडलं की संपलं. एका सकाळी तिनं भांडं मागं घेतलं. "झुंबरबाई, ते मांजर रोज म्हशीच्या अंगाला घासतंय. उष्टं-खरकटं खाणारं जनावर. माझ्या घरी नैवेद्याला दूध लागतं. त्याचा बंदोबस्त करा, मग मी येईन." तिच्यामागं आनखी चार-पाच बायका सटकल्या. एकीनं नाक मुरडलं की बाकीच्यास्नी शिंका येत्यात, दुसरं काय!

नेमकं त्याच दिवशी गणपतराव आलतं. त्येंनी ऐकलं आन् बाह्या सारल्या. "मारायचं न्हाय हां वैनी. मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर वाहावं लागतंय, आन् आपल्याकडं पितळंचंबी न्हाय. सोडून येतो." मी घरात पेंड भिजवत हुते. भाईर येऊन बघते तर पोतं सायकलीच्या क्यारेजला बांधलेलं, आतनं ओरडतंय. मी दोन पावलं म्होरं गेले. पर म्हनलं, जाऊ दे बाई, गिऱ्हाईक तर ऱ्हाईल. दुपारी भावजी रिकामं पोतं झटकत परत आलं. "कळंब्याच्या तळ्यावर सोडलं. आदी पोतं चांगलं गरागरा फिरीवलं. आता जल्मात येत न्हाय."

दुसऱ्या सकाळी विमलाबाई सगळ्यात म्होरं, घासलेलं भांडं घेऊन. मी रेडकू ठिवलं, थान धुतलं, हात लावला. कोरडं. कास दगडावानी टम्म, आन् थेंब न्हाय! चंद्रीनं रेडकाच्या पोटाला तोंड लावलं, हुंगलं, आन् असा हंबरडा फोडला की तिकटीवरची मानसं वळून बघाय लागली. मी गोंजारलं, गूळ चारला, शिव्याबी दिल्या. काय उपेग न्हाय.

"आटली म्हस," गणपतराव माझ्यामागं हळूच म्हनलं. "वैनी, तुमीच बोललाय. परवा हंबीररावास्नी आनतो."

हंबीरराव म्हंजे जनावरं घेनारा-इकनारा हेडी. बाजारात त्येचा हात पडला की म्हस पुन्यांदा दिसत न्हाय. माझ्याच शब्दानं मला बांधलं हुतं.

घरी आले. चंद्री गोठ्यात शिरली ती सरळ रेडकाजवळ, आन् परत पोटाच्या त्या उसवलेल्या शिवनीत तोंड खुपसून हंबरली. मला राग आला. म्हनलं, हाय काय ह्येच्यात? बसले आन् हात घातला आत. आगं बया! पेंढा दाबून दाबून गोल खोपा झालता, अंडं ठिवावं तसा. आन् खोप्याला केस. काळं-पांढरं.

काखेत कळसा आन् गावाला वळसा! आकारामाची जादू न्हवं, अंबाबाईचा नारळबी न्हवं. त्ये मांजर रात्रंदिस त्या पोटात निजत हुतं. पोट गरम, पोट हलतंय, आतनं घुर्रघुर्र वाजतंय. चंद्रीला वाटलं, माझं लेकरू जितं हाय. ती चाटत हुती त्ये पेंढ्याला न्हवं, त्या जिवाला. आन् आमी शहाण्यांनी त्यो जीव पोत्यात घालून गरागरा फिरीवला.

मी तवाच ठरीवलं. हेडी यायच्या आत मांजर आनायचं. न्हायतर तोंड दाखवायचं न्हाय.

उन्हातच कळंब्याला चालत गेले. तळ्याच्या कडंकडंनं हाका मारत फिरले. पर हाक तरी काय मारू? नाव कुठं ठिवलं हुतं मी त्येला? "ये, ये" म्हनलं, "मनी, मनी" म्हनलं. एकदा निवडुंगाच्या बेटात काळं-पांढरं हललं, मी पळाले, तर त्ये आनखी आत. मला बघून का येईल त्ये? माझ्या हातात त्येनं खराट्याशिवाय काय बघितलंय? तितंच बांधावर बसले आन् पदर तोंडात घालून रडले. मग डोळं पुसलं आन् म्हनलं, झुंबरे, तुझ्यासाठी येत न्हाय, पर जिच्यासाठी येतंय तिला तर आनशील?

दुसऱ्या दिवशी चंद्रीला सोडली आन् कळंब्याच्या वाटंला लागले. तिची कास तटतटलेली, चालताना पाय फाकायची बिचारी. कडंवर पेंढ्याचं रेडकू. पेठंतली लोकं म्हनली, "झुंबरबाईच्या डोस्क्यावर परिनाम झालाय." म्हनलं, झाला तर झाला, तुमच्या बापाचं काय जातंय!

तळं दिसलं आन् चंद्री सरळ पान्यात. म्हस ती म्हसच! नाक तेवढं वर काढून बसली. मी काठावर, शेजारी पेंढ्याचं रेडकू. वढली, दगडं मारली, हालंना. म्हनलं, बस. तू दमतीस का मी दमते, बघू.

ऊन कलल्यावर बाई उठली. पानी निथळत काठावर आली, निवडुंगाकडं तोंड केलं आन् हंबरली. तिकटीवर फोडलेला तसलाच हंबरडा. आन् बेटातनं त्यो फाटका कान भाईर आला. मी जागची हालले न्हाय, श्वासबी घेतला न्हाय. मांजर माझ्याकडं न बघता निघालं, चंद्रीच्या म्होरल्या पायाला अंग घासलं. तिनं आपली खरबरीत जीभ काढून त्येला डोस्क्यापास्नं शेपटीपतोर चाटलं. आन् थानातनं टपटप, टपटप, मग आपसूक धार लागली.

मी भांडं आनलंच न्हवतं! मांजर घावंल का न्हाय त्येचा पत्ता न्हाय, तर भांडं कोन आनतंय? खाली बसले आन् मातीतच धार सोडली, कास हलकी तर हुईल. कोल्हापूरच्या मानसानं दूध मातीत सोडायचं, आन् मी हसत हुते, रडत हुते, दोन्ही एकदमच. एक वंजळ भरली आन् मांजराम्होरं धरली. आदी हुंगलं, मग प्यालं. त्येची जीभ माझ्या तळहाताला लागली तवा मला लई लाज वाटली. घरी परत निघाले तर त्ये पेंढ्याच्या पोटात शिरलं, आन् त्यो सगळा भार कडंवर घेऊन मी मंगळवार पेठंत आले.

सकाळी तिकटीवर गणपतराव हुतं, संगं हंबीरराव. हंबीररावाच्या खांद्यावर कोरं दावं. जनावर इकनारा आपलं दावं देत न्हाय, म्हनून घेनारा आपलं आनतोय. त्ये दावं मी बघितलं, पर चेहरा हलू दिला न्हाय. विमलाबाईबी हुती, लांब उभी.

मी पेंढ्याचं रेडकू खाली ठिवलं आन् सगळ्यांदेखत त्येच्या पोटाची शिवन फाकवली. आतनं फाटका कान, मग डोळं, मग सगळं मांजर भाईर आलं. लोकं हसली. चंद्रीनं वाकून त्येला चाटलं.

मी मोठ्यांदा म्हनलं, "विमलाबाई, ह्ये दुधावर आलेलं न्हाय. दूध ह्येच्यावर आलंय. ज्येला घ्यायचंय त्येनं घ्यावं, ज्येला न्हाय त्येनं घरी जावं. ह्ये मांजर हितनं हलनार न्हाय आन् मीबी हलनार न्हाय."

आन् पयली धार वाकडी करून सरळ मांजराच्या तोंडात मारली. दुसरी चरवीत. चरवीत धार वाजाय लागली. फेस काठापतोर आला.

विमलाबाई दोन पावलं म्होरं आली. मग म्हनली, "अहो, तिचं मूलच की ते." आन् भांडं म्होरं केलं. बाकीच्या मग ढकलाढकली करत आल्या.

गणपतराव खाली बघत म्हनलं, "वैनी, मला काय ठावं..."

"मला तरी कुठं ठावं हुतं भावजी? घ्या, दूध प्या. कोडोलीला सगळ्यास्नी सांगा, वैनी बरी हाय."

हंबीररावानं दावं खांद्यावर सारखं केलं. "मग मी निघू काय, आक्का?"

"निघा की. पर पावणं, त्ये दावं हितंच ठिवून जावा. माझ्या चंद्रीचं लई झिजलंय."

त्यो मानूस इतका हसला की त्येचा फेटा हालला. दावं काढून माझ्या हातात दिलं. ज्या दाव्यानं चंद्री बाजारात जायाची हुती, त्याच दाव्यानं मी तिला माझ्या गोठ्यात बांधली. संध्याकाळी आकाराम सुई-दोरा घेऊन आला, शिवन घालायला. मी त्येला चहा पाजला आन् तसाच परत धाडला.