डाव्या हातातली उजवी कात्री

मित्रांनो, मी शिंप्याची एक जुनी कात्री आहे. वीतभराहून लांब आणि उचलायला चांगलीच जड. अंगठ्यासाठी एक लहान कडी, चार बोटांसाठी एक मोठी. कड्यांना काळा रंग होता, पण आतल्या बाजूने तो कधीच निघून गेला आणि तिथलं लोखंड आता नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं आहे. हा गुळगुळीतपणा एकाच माणसाच्या हाताने आला.

माझी दोन पाती वेगवेगळी घडली. त्यांना तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं आणि मग एका खिळ्याने त्यांचं लग्न लावून दिलं. कारागिराने मला उजव्या हातासाठी बनवलं. उजवी मूठ मिटली की माझी पाती आपोआप एकमेकींवर दाबली जातात आणि मधलं कापड कापलं जातं. डाव्या हातात तीच पाती एकमेकींपासून दूर सरकतात आणि कापड मध्ये दुमडतं. कात्री तीच, धार तीच, पण काम होत नाही. पुढे याच कारणावरून माझ्यावर आळ आला, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ज्यांनी मला घेतलं त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांचं दुकान अरुंद होतं. आत शिरलं की एक लांब मेज, दोन मशिनं, भिंतीला आरसा आणि कोपऱ्यात कायम तापलेली इस्त्री. मास्तर कोट शिवत. कापड बेतताना ते खडूची रेघ मारत, पण ती बहुधा गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. रेघ कुठे हवी ते त्यांच्या हाताला आधीच ठाऊक असायचं. लोक म्हणत, "मास्तरांची कात्री कापत नाही, वाट काढते." असं ऐकलं की मी आणखी ताठ व्हायचे.

मास्तरांच्या हातात सोनं होतं, पण जिभेला फार धार. चांगल्या कामाबद्दल ते काही बोलत नसत. वाईट काम दिसलं की एकच शब्द: "उसवा." टाका लांब पडला, उसवा. काज तिरकं झालं, उसवा. या एका शब्दाला कंटाळून तीन चांगले कारागीर दुकान सोडून गेले. मला तर दुसऱ्या कुणी हात लावायचीही सोय नव्हती. एकदा मास्तरांच्या बायकोने मला वापरून पुडक्याची सुतळी कापली, तर मास्तरांनी दोन दिवस अबोला धरला.

त्या बाईंना लोक मास्तरीणबाई म्हणत, पण त्या मास्तरांच्या मास्तरीण होत्या, शाळेच्या नव्हे. शाळेत त्या शिपाई होत्या. तीस वर्षं त्यांनी तासांची घंटा वाजवली होती.

अशी चाळीस वर्षं गेली. मग एका सकाळी मास्तरांना उठता येईना. उजवी बाजू लुळी पडली होती. पाय हळूहळू काठीच्या आधाराने चालू लागला, बोलणंही सुधारलं, पण उजवा हात परत आला नाही. तो त्यांच्या मांडीवर पडून असायचा, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला ठेवल्यासारखा. दुकान बंद झालं. मशिनं गेली. मी मात्र एका मऊ फडक्यात गुंडाळून घरी आले आणि खिडकीच्या फळीवर राहिले.

मास्तर त्याच खिडकीपाशी खुर्चीत बसत. सकाळी बसले की दुपारी जेवायला उठत. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दोन महिन्यांनी मास्तरीणबाईंना दारात थांबवून हळूच सांगितलं, "पायाची मला काळजी नाही. पण त्यांना हाताने काही करायला लावा. डाव्या हाताने का होईना. नाहीतर हा माणूस या खुर्चीतून उठणंच सोडून देईल."

हे मास्तरीणबाईंनी ऐकलं आणि फळीवरून मीही ऐकलं. त्या दिवसापासून बाई हात धुऊन छंदांच्या मागे लागल्या.

पहिला छंद ठरला रजईचा. रंगीबेरंगी चौकोन कापायचे, एकमेकांना जोडायचे आणि मोठं पांघरूण करायचं. बाईंना वाटलं, कापडाचंच काम, मास्तरांचा हातखंडा. त्यांनी जुन्या कोटांच्या कापडाचे तुकडे समोर मांडले आणि मला फडक्यातून बाहेर काढलं. कितीतरी दिवसांनी मास्तरांनी मला उचललं, पण डाव्या हातात. कडी त्यांच्या अंगठ्याला रुतली. त्यांनी मूठ मिटली. मी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला, पण कापड दोन पात्यांच्या मध्ये दुमडलं आणि मी ते नुसतं चघळत राहिले.

"हिची धार गेली," मास्तर म्हणाले आणि मला ठेवून दिलं.

मित्रांनो, इतका अपमान मला कधी सोसावा लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी बाई मला पिशवीत घालून धार लावणाऱ्याकडे घेऊन गेल्या. त्याने मला उघडलं, मिटलं, कानाशी धरून आवाज ऐकला आणि ओल्या रुमालावर चालवून पाहिलं. रुमाल मुकाट्याने दुभंगला.

"बाई, हिला काय झालंय? माझी दाढी करेल ही."

"ते म्हणतात कापत नाही."

"कोणत्या हाताने?"

बाईंनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. धारवाल्याने मला परत त्यांच्या हातात दिलं. "कात्री उजवी आहे, बाई. मास्तरांना हे मी सांगायला नको. त्यांनीच मला शिकवलंय."

घरी येताना बाई वाटभर एक म्हण ओठांवर घोळवत होत्या. नाचता येईना, अंगण वाकडं. पण दारात आल्यावर ती त्यांनी गिळली. मास्तरांसमोर मला ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "धार चांगली आहे म्हणे."

"माहीत आहे मला," मास्तर म्हणाले. खिडकीबाहेर बघतच.

बाईंनी हार मानली नाही. डाव्या हाताची वेगळी कात्री आणली. ती हलकी होती, प्लॅस्टिकच्या कड्यांची. मला ती खेळण्यातली वाटली. तिने चौकोन कापले खरे. मग मास्तरांनी डाव्या हाताने टाके घालायला घेतले. आठ टाके झाले. ते कसे होते सांगू? चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखे. मास्तरांनी कापड उजेडात धरलं, बराच वेळ पाहिलं आणि दातांनी दोरा तोडला.

"उसव," ते म्हणाले.

"अहो, पहिलेच टाके आहेत. आणि हे काय दुकान आहे?"

"वाईट टाका सगळीकडे वाईटच असतो."

"बरं," बाई म्हणाल्या. तुकडे गोळा करून त्यांनी पिशवीत भरले आणि शाळेतल्या आवाजात घोषणा केली, "तास संपला. पुढचा विषय!"

पुढचा विषय होता मण्यांचा. मणी ओवायला सुई, आणि सुई म्हणजे पुन्हा तीच कटकट. चार दिवसांनी मणी कपाटाखाली सापडत होते, माळ मात्र कुठे सापडली नाही. मग दोऱ्यांच्या गाठी मारून कुंडीचं शिंकं करायचं ठरलं. त्याला दोन हात लागतात हे बाईंच्या ध्यानात दोर आणल्यावर आलं. त्यानंतर माती आली. मास्तरांनी डाव्या हाताने एक वाटी केली. ती एका बाजूला बसली, मग दुसऱ्या बाजूलाही बसली.

"ही वाटी आहे," मास्तरांनी विचारलं, "की कुणी टाकून दिलेला बूट?"

बाईंना हसू आलं. मास्तरांना आलं नाही. बाईंची बहीण घरी आली की म्हणायची, "काय गं, आज कोणता छंद? तुझं घर आहे की जत्रा?" बाई हसून टाळत. पण बहीण गेली की त्या बराच वेळ ओटा पुसत राहत. तो आधीच स्वच्छ असायचा.

मी फळीवरून बघत होते. छंद बदलत होते, मास्तर त्याच खुर्चीत होते. मला एक गोष्ट उमगत चालली होती, पण ती सांगायला मला तोंड कुठे होतं? मास्तरांना काम जमत नव्हतं हे खरं दुखणं नव्हतंच. डावा हात चुकायचा आणि आतला मास्तर त्याला झापायचा. आपल्याच दुकानात ते पहिल्या दिवसाचे शिकाऊ उमेदवार झाले होते, आणि मालक फार कडक होता.

मग वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर बुधवारी मोझेकचा वर्ग सुरू झाला. फुटक्या फरश्या आणि कपबश्यांचे तुकडे लाकडी पाटीवर चिकटवून चित्र करायचं. "हा शेवटचा विषय," बाई म्हणाल्या. "हा नाही जमला तर मी पुन्हा घंटा वाजवणार नाही." त्यांनी मास्तरांच्या पिशवीत पाण्याची बाटली, रुमाल, चष्मा भरला आणि का कोण जाणे, मलाही घातलं. पिशवी मास्तरांच्या खुर्चीला लटकली आणि मी तिच्या तोंडातून सगळं पाहिलं.

वर्गात दहा-बारा माणसं होती. शिकवणारी ताई तरुण होती, तिच्या कोपरापर्यंत पांढरी भुकटी लागलेली. तिला मास्तर कोण हे ठाऊक नव्हतं. तिने सरळ विचारलं, "काका, याआधी केलंय कधी?"

"नाही," मास्तर म्हणाले. या शब्दाची त्यांना सवय नव्हती. त्यांनी तो जरा चाखूनच उच्चारला.

फरशी तोडायची पकड होती. तिला डावं-उजवं काही नव्हतं, कोणत्याही हाताने दाबा, कटकन तुकडा पडायचा. पाटी हलू नये म्हणून मास्तरांनी आपला लुळा उजवा हात उचलून तिच्यावर ठेवला, वजन म्हणून. त्या हाताने इतक्या महिन्यांत केलेलं ते पहिलं काम.

शेजारी एक निवृत्त बसचालक बसत. ते म्हणाले, "काका, माझं बघू नका. आयुष्यभर बस रस्त्यावर ठेवली, पण ही ओळ सारखी गटारात जाते."

मास्तरांनी निळ्या तुकड्यांची एक चौकट केली. आणि काय केली! तुकड्याला तुकडा असा भिडवला होता की मध्ये नखही शिरू नये. शिंप्याचं काम ते. शिवणीत फट राहिली तर त्याची लाज जाते. मास्तरांनी पाटी थोडी दूर धरून पाहिली, आणि त्यांच्या मानेत जुना ताठा आलेला मला दिसला.

पुढच्या बुधवारी ताईने सांधे भरायला सिमेंटचा मसाला कालवून दिला. मास्तरांनी तो चौकटीवर पसरला. तो वरच राहिला, आत जायला जागाच नव्हती. त्यांनी ओल्या फडक्याने पुसायला घेतलं, तसा कोपऱ्यातला एक तुकडा निघाला. मग शेजारचा. मग ओळच्या ओळ हातात आली.

 बसचालकांच्या तोंडून "अरेरे" निघून गेलं.

मास्तरांनी फडकं खाली ठेवलं आणि खुर्चीला लावलेली पिशवी काढली. मी हिंदकळले. मला कळून चुकलं, हा उजवा हात पुन्हा मांडीवर जाणार आणि या वेळी उठणार नाही. मास्तरीणबाई आता घंटा वाजवणार नव्हत्या.

ताई येऊन पाटीजवळ वाकली. "बाप रे, काका, तुम्ही फटच ठेवली नाही!"

"फट?" मास्तर म्हणाले. "फट ठेवायची?"

"मग मसाला राहणार कुठे? तुकडे चिकटून बसतात असं वाटतं तुम्हाला, पण सगळं धरून ठेवतो तो मधला मसाला. फट ठेवा. छान रुंद ठेवा."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं ज्यासाठी त्यांनी माणसांना उसवायला लावलं, तेच ही पोर त्यांना करायला सांगत होती. आणि मग, मित्रांनो, ते हसले. आधी नाकातून, मग तोंडभर. "मला कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले.

"आता सांगितलं ना, काका."

पिशवी पुन्हा खुर्चीला लागली. "नवी पाटी दे," मास्तर म्हणाले.

त्यानंतर ते दर बुधवारी स्वतःहून तयार होऊन बसू लागले. त्यांची दुसरी चौकट टिकली. ती वाकडी होती, एक बाजू दुसरीपेक्षा बोटभर मोठी होती. त्यांनी ती घरी आणून दाराबाहेर लावली. बाईंच्या बहिणीने विचारलं, "ही कुणी केली?" मास्तर म्हणाले, "मीच. अजून शिकतोय." मास्तर असं म्हणाले यावर माझा तरी विश्वास बसेना.

पण मसाल्याने सदरे खराब होऊ लागले. बाई म्हणाल्या, "तुम्हाला एप्रन हवा. मी शिवते." चाळीस वर्षं शिंप्याच्या घरात काढूनही त्यांनी कधी कापड कापलं नव्हतं. त्यांनी जाड खाकी कापड मेजावर पसरलं आणि मास्तरांकडे पाहिलं. "हिने कापू?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "काप की. उजवीच आहे ती."

बाईंच्या बोटांना मी मोठी होत होते.  पहिलं दोन बोटं अंतर मी रेघेवरून गेले, मग घसरले, आणि खाकी कापडात एक मोठी वाकडी चीर गेली. बाईंनी श्वास रोखला. मीही रोखला. आता तो शब्द येणार, असं वाटलं.

मास्तर काठी टेकत उठले आणि मेजापाशी आले. "खालचं पातं मेजाला टेकवून चालव," ते म्हणाले. "कापडाला उचलायचं नाही. हं. असं. जाऊ दे थोडं वाकडं, जाऊ दे पुढे."

एप्रन झाला. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं वर आहे. पुढच्या बुधवारी मास्तर तो घालून वर्गात गेले. मी पिशवीत होतेच. बसचालक हसत म्हणाले, "काका, हा शिंपी कुठला हो? मला नाव सांगा, मी त्या गल्लीत जायलाच नको."

मास्तरांनी एप्रनचा वाकडा खांदा डाव्या हाताने सरळ केला. "नवी आहे ती," ते म्हणाले. "पण हात चांगला आहे."

मित्रांनो, आता मी आठवड्यातून एखादे दिवशी बाईंच्या हातात असते. पूर्वीसारखी मी वाट काढत नाही, अडखळत जाते. पण फडक्यात गुंडाळून पडण्यापेक्षा हे बरं. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिच्या खिळ्यावर तेलाचा एक थेंब टाकत जा, ओली ठेवू नका. आणि घरात कुणी, लहान असो की पांढऱ्या केसांचं, पहिल्यांदाच काही कापत असेल, आणि कापड वाकडं जाताना तुम्हाला दिसत असेल, तर कृपा करून माझ्यावर झडप घालू नका. कात्री हिसकावली की कुणाचं तरी बोट कापतंच. जवळ उभे राहा. तुकडा पूर्ण होऊ द्या.