जळक्या शाळेपासून डावीकडे

पितळी पाटी जळक्या शाळेच्या जागी लागली असती, तर एल्डा चाडेनच्या पदरात एक पूल पडणार होता. नवा नव्हे. तिच्या घराजवळच्या ओढ्यावरचा जुनाच, गंजलेला, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. काउंटीला, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कारभाराला, तो पाडायचा होता. पण ऐतिहासिक पाटीकडे जाणारा रस्ता बंद करायचा नाही असा काउंटीचाच नियम, आणि जळकी शाळा पुलापलीकडे, एल्डाच्या कुरणाला लागून. पूल राहिला तर चर्च एक मैलावर. गेला तर नऊ मैलांचा फेरा. एक्याऐंशी वर्षांची एल्डा चर्चमागच्या दफनभूमीत नवऱ्याला, हर्मनला, रोज भेटायला जाते. तेव्हा हिशेब उघड होता.

आमच्या न्यू लीर गावाला दीडशे वर्षं होत होती. त्यानिमित्त पहिल्या शाळेच्या जागी एक पाटी आणि गावाचं एक पुस्तक, असं गावच्या समितीच्या सभेत ठरलं. पुस्तक माझ्या गळ्यात पडलं, कारण त्या सभेला मी गेलो नव्हतो.

आमच्याकडे पत्ता सांगतात तो नसलेल्या वस्तूंवरून. ‘शाळा जळली तिथून डावीकडे, मग यान्सेनचा गोल गोठा होता तिथे उजवीकडे.’ गोठा वादळात उडाला त्याला चाळीस वर्षं झाली. परका माणूस हरवला की आम्हाला वाटतं, त्याचंच लक्ष नव्हतं. त्यामुळे पहिली शाळा कुठे होती, यावर समितीचा एका मिनिटात ठराव झाला: जळली तिथे.

मग मी घरोघरचे जुने फोटो मागवले. एल्डाने बुटांचं खोकं भरून पाठवलं. त्यातल्या एका फोटोत ओढा गोठलेला, बर्फावर ओंडक्यांवर चढवलेली अख्खी शाळा, पुढे तिला ओढणारं मळणीचं वाफेचं इंजिन आणि टोप्या घातलेले बारा पुरुष. मागे पेन्सिलीने लिहिलेलं: ‘फेब्रुवारी १९११. शाळा ओल्टमनांच्या कोपऱ्यावरून आमच्या बाजूला आणली.’

म्हणजे पहिली जागा ओढ्याच्या अलीकडे, डेलबर्ट ओल्टमनच्या शेतात. तिथे जायला पूल लागतच नाही.

खोकं बगलेत मारून मी एल्डाकडे गेलो. तिने चहा ठेवला. कपात खडीसाखर, तिच्यावर कढत चहा. साखर तडकते तो आवाज बोलणं अडलं की उपयोगी पडतो.

“एल्डा, यातला एक फोटो चुकून आला का गं?”

“कुठला?”

“बर्फावरची शाळा.”

“चांगला आलाय की. डावीकडून तिसरे आमचे आजोबा. पोटावरून ओळखू येतात.”

“मागचं वाचलंस?”

“वाचलंस काय? बाबांचं अक्षर पुसट झालं होतं, मीच परवा गिरवलं.”

मी दुसरा कप घेतला. आमच्याकडे तिसऱ्या कपाआधी कुणी मुद्द्यावर येत नाही, पण मला धीर नव्हता.

“ठराव झालाय. आता कुणी विचारणार नाही. फोटो छापतात, त्याची पाठ थोडीच छापतात?”

“माझ्यावर उपकार करतोयस होय रे?”

“पूल राहील, एवढंच.”

“पन्नास वर्षं मी हर्मनला विकायच्या दुधात थेंबभर पाणी घालू दिलं नाही. आता खोट्या पाटीपुढून रोज त्याला भेटायला जाऊ? तो काय म्हणेल?”

“तो आता काय म्हणणार!”

“तुझं लग्न झालं नाही ना, म्हणून विचारतोस,” ती म्हणाली आणि तिने चमचा कपात उभा ठेवला. म्हणजे पुरे, चहाही आणि विषयही.

पुढच्या सभेत मी फोटोची पाठ वाचून दाखवली. डेलबर्ट उसळला, “माझ्या सोयाबीनमध्ये पाटी? अरे, पोरांचा कलकलाट सोसेना म्हणून आजोबांनी शाळा पलीकडे ढकलली. तुम्ही परत आणून बसवा!”

सगळे हसले. पाटी खऱ्या जागी लावण्यासाठी हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात एल्डाचा होता. मग तिने घरून आणलेली रूबार्बची आंबटगोड पाई कापून सगळ्यांना वाढली. डेलबर्टला मोठा तुकडा.

जूनमध्ये पाटी लागली, ऑक्टोबरमध्ये पूल उचलला. आता परक्याला आम्ही सांगतो, ‘एल्डाचा पूल होता तिथून उजवीकडे.’

काउंटीची डागडुजी वाचली. डेलबर्टच्या सोयाबीनच्या दोन ओळी गेल्या, पण वर्षभर पुरेल एवढी तक्रार हाती लागली. माझ्या पुस्तकातलं एक पान खरं निघालं. या सगळ्याची किंमत एल्डाने भरली: जाताना आठ मैल जास्त, येताना आठ, रविवार धरून.